‘कौतुकाने घराचे हप्ते भरत नाहीत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कामाच्या ठिकाणी दखल घेतली जाण्याबद्दल मी लिहिलेल्या लेखावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर आहात. कंपनीने तुम्हाला वार्षिक समारंभात ‘उत्कृष्ट कर्मचारी’ म्हणून प्रमाणपत्र दिलं आणि त्याच वर्षी पगारवाढ रोखली. तुम्ही म्हणता, कौतुकाने घराचे हप्ते भरत नाहीत, कौतुक हा पैसे वाचवायचा मार्ग आहे आणि हे सगळे एसीत बसणाऱ्यांचे चोचले आहेत.

पगाराच्या मुद्द्यावर आपलं भांडणच नाही. वाढ रोखायची आणि हातात कागद ठेवायचा, याला तोंडाला पानं पुसणं म्हणतात. दिवाळीतही तेच होतं. पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस कायद्यानेच हक्काचा आहे, तरी तो देताना ‘तुमच्या कष्टांची कदर’ म्हणून भाषण ठोकलं जातं. जे द्यावंच लागतं, त्याला कदर म्हणू नये.

पण पगार नीट मिळाला की दखलीची गरज संपते, हे मला पटत नाही. समाजशास्त्रज्ञ योहानेस झिग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये एक मांडणी केली. माणूस कामासाठी जेवढं झिजतो आणि त्याबदल्यात त्याला जे मिळतं, त्यात कायम तफावत राहिली तर त्याची तब्येत बिघडते, विशेषतः हृदयावर ताण येतो. हा मोबदला मोजताना त्यांनी पैसा धरला, मान धरला आणि नोकरीची शाश्वती व बढतीची संधीही धरली. तुमच्या कंपनीने यातलं एक दाखवून दुसरं काढून घेतलं. त्याचा राग यायलाच हवा, पण तो मानावर कशाला काढायचा?

आता एसीचा मुद्दा. कामातलं समाधान बहुतेक कामगिरी आणि दखलीतून येतं, पगार कमी पडला की असमाधान वाढतं, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलं. त्यांनी मुलाखती घेतल्या त्या अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या. म्हणजे तुमची शंका रास्त आहे. म्हणून मी पुण्यातलंच उदाहरण घेते. १९९३ मध्ये इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांची कमाई अगदी तुटपुंजी, वर चोर म्हणून हटकलं जायचं. त्यांच्या सुरुवातीच्या मागण्यांमध्ये एक होती ओळखपत्राची. महापालिकेने त्या ओळखपत्रांना मान्यता दिली, पुढे आरोग्यविम्याचा हप्ताही भरला आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार झाला. तुम्ही कामगार आहात, हे आधी कुणीतरी मान्य केलं आणि त्या मान्यतेच्या जोरावर पुढचे हक्क मागता आले. हे चोचले नव्हेत.

मी स्वतः भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला होते. तिथे रिजेक्शनच्या लाल टॅगवर ऑपरेटरचं नाव लिहावं लागे. माल पास झाला की हिरव्या टॅगवर फक्त बॅच नंबर. आमचे शिफ्ट इन्चार्ज एकदा रात्रपाळीच्या रजिस्टरमध्ये एक ओळ लिहून गेले : मशीनचा आवाज बदलल्यामुळे अमुक ऑपरेटरने गेजिंगची (माप तपासायची) वेळ व्हायच्या आधीच माप घेतलं, बोअर (जॉबमधलं भोक) लहान येत चाललं होतं, इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) बदलला, एकही जॉब रिजेक्ट नाही. त्या ऑपरेटरने पानाचा फोटो काढून घरी पाठवला. पुढच्या पगारवाढीच्या बोलणीत तो तेच पान घेऊन आत गेला. त्याला ‘व्हेरी गुड’ म्हणणारे पुष्कळ होते, पण त्याने नेमकं काय केलं हे ज्याला कळलं, त्याचं लिहिलेलंच कामी आलं. खंडेनवमीला आम्ही मशीनला झेंडूचा हार घालायचो, ते मला मनापासून आवडायचं. मशीन चालवणाऱ्याचं नावही तेवढ्याच अगत्याने घेतलं जावं, एवढीच माझी इच्छा असायची.

तुम्ही शेवटी विचारलंय, ‘मग मी काय करू, प्रमाणपत्र फ्रेम करून लावू?’ नका लावू. ते एचआरकडे न्या आणि कोणत्या कामासाठी दिलं ते अप्रायझल फॉर्ममध्ये लेखी नोंदवून मागा. टाळाटाळ झाली तर तो कागद किती पाण्यात आहे, ते तुम्हाला कळेलच. आणि तुमच्या हाताखाली जी कंत्राटी मुलं आहेत, त्यांना तर वार्षिक समारंभाचं बोलावणंही नसतं, असं तुम्हीच लिहिलंय. त्यांची पगारवाढ तुमच्या हातात नाही, मान्य. पण शिफ्टचं रजिस्टर तुम्हीच भरता ना? चांगल्या कामाखाली त्या मुलांची नावं घाला. कंत्राटदार बदलला की नव्या माणसाला दाखवायला त्यांच्याकडे काहीच नसतं.