२४ ब्रिक्सची वाट पाहू नका
वाइनवरच्या एका लेखात शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची तोडणी २४ ब्रिक्सला, म्हणजे रसात साधारण २४ टक्के साखर असताना, सांगितलीय. कडक ड्राय, म्हणजे गोडी नसलेली, व्हाइट वाइन हवी असेल तर मराठवाड्यात ते जमणार नाही. जालन्याकडं फेब्रुवारीअखेर ऊन असं तापतं की साखर चढते अन् आम्लता झपाट्यानं उतरते. वाइन मचूळ लागते. २१-२२ ब्रिक्स, पीएच (आम्लतेचं माप; जितकं कमी तितकी आम्लता जास्त) ३.३च्या आत असतानाच पहाटे तोडा. क्रेट उन्हात राहिले की फुटलेल्या मण्यांचा रस तपकिरी पडलाच समजा. रस १०-१२ अंशांवर रात्रभर निवळू द्या, वरचा नितळ तेवढा काढून १४-१६ अंशांवर आंबवा. हा थंडावा टिकवायला जनरेटर हवाच, वीज कधी जाईल सांगता येतं का! साखर लिटरला ४ ग्रॅमखाली आल्याशिवाय बाटली भरू नका. उरलेल्या थॉमसन या खायच्या द्राक्षांची वाइन? सपकच होते.