थर खोटं सांगत नाहीत: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या चंद्रपूर-यवतमाळकडच्या गावोगावच्या गटांत एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खडकांच्या थरांवरून जुनं-नवं ठरत नाही, सगळे थर एकाच महापुरात बसले, जड गाळ खाली आणि हलका वर, विहिरीत काळ्या खडकाखाली लाल माती निघते, म्हणजे थर उलटसुलट असतात, आणि जीवाश्मावरून खडकाचं वय, खडकावरून जीवाश्माचं, असा हा गोल गोल कारभार आहे. शाळेतली पोरंही हे खरं मानायला लागली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी महापूर. चंद्रपूरजवळ इरई इथं जुन्या चुनखडकावर तालचीर थर बसलेला आहे. गोट्यांनी भरलेला हा थर सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी हिमनद्यांनी आणलेल्या गाळाचा. त्याच्या खालचा चुनखडक गुळगुळीत घासलेला असून त्यावर लांब, समांतर ओरखडे आहेत. बर्फात रुतलेले दगड सरकताना ते उमटले. आता विचार करा, ओल्या गाळावर असा ओरखडा टिकेल का? म्हणजे चुन्याचा गाळ साचला, त्याचा दगड झाला, तो उघडा पडला, बर्फानं घासला आणि मगच वरचा थर आला. एका पुरात हे सगळं कसं बसवणार?

जड खाली, हलकं वर हेही टिकत नाही. वर्धा खोऱ्यातल्या कोळसा खाणीत वाळूखडक, शेल (चिखलाचा पापुद्र्यांचा खडक), कोळसा, पुन्हा वाळूखडक असे थर आलटूनपालटून येतात. हलक्या कोळशावर जड वाळूखडक बसलेला आहे.

विहिरीतली लाल माती मात्र खरी आहे. वर्धा-अमरावतीकडे विहीर खणणाऱ्यांनी ती पाहिलेलीच असते. पण तिथं काही उलटलेलं नाही. तिथला काळा खडक म्हणजे थंड झालेला लाव्हा, ज्वालामुखीतून वाहिलेला रस. लाव्हाचा एक थर थंड झाला, ऊन-पावसानं त्याचा माथा कुजून लाल झाला आणि त्यावर पुढचा लाव्हा पसरला. काही ठिकाणी मधला काळ इतका लांबला की तळी तयार झाली. नागपूर परिसरात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यांनी 1850च्या दशकात अशा दोन लाव्हाथरांमधल्या गाळातून गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख गोळा केले होते. लाव्हा थांबला होता, याचा याहून चांगला पुरावा मला तरी सुचत नाही.

घड्या पडून थर उलटतात का? हो, हिमालयात उलटलेले आहेत. पण चिखलाच्या भेगा आणि पाण्याच्या लाटांच्या खुणा पाहून वरची बाजू ओळखता येते. आपल्याकडचे लाव्हाचे थर तर जवळपास आडवेच आहेत.

राहिला गोल युक्तिवाद. खालचा थर आधीचा, हा नियम डेन्मार्कचे शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी 1669 मध्ये मांडला, त्याला जीवाश्मांची गरज नव्हती. इंग्लंडात कालव्यांची मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथ यांनी आधी थरांचा क्रम पाहिला, मग कोणत्या थरात कोणते शंख येतात ते टिपलं. त्यांचा थरांचा नकाशा 1815 चा, डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक 1859 चं. म्हणजे थरांचा क्रम उत्क्रांतीच्या त्या पुस्तकाआधीच ठरला होता.

मेसेजमधली एक गोष्ट मान्य: नुसत्या थरांवरून वर्षं मोजता येत नाहीत. थर सांगतात ते आधी कोण, नंतर कोण. वर्षं येतात ती दगडातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या मोजणीतून. दख्खनच्या काळ्या खडकाचं वय अशा मोजणीतून सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षं निघतं. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याच्या शेतांत डायनासोरांची हाडं आणि दगड झालेली विष्ठा सापडते, तो लाल मातीचा लामेटा थर या काळ्या खडकाच्या खालचा. म्हणून तो त्याच्या आधीचा. त्याच विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचं 2005 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं हे जगाला मान्य करावं लागलं.