जुन्या रेडिओवर जाहिराती नव्हत्या, हे खरं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. सोबत कपाटाएवढ्या रेडिओभोवती बसलेलं अमेरिकन कुटुंब, कृष्णधवल फोटोत. म्हणणं असं, की पूर्वी रेडिओवर जाहिराती नव्हत्या, सगळं घर एकत्र बसून ऐकायचं आणि कार्यक्रम निर्मळ असायचे. रेडिओवर माझा जीव आहे, म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटतं.

अंदाज बांधायची गरजच नाही. त्या काळातला एक अख्खा दिवस ध्वनिमुद्रित आहे. गुरुवार, २१ सप्टेंबर १९३९ रोजी वॉशिंग्टनच्या डब्ल्यूजेएसव्ही केंद्राचं सकाळी साडेसहापासून रात्री एकपर्यंतचं सगळं प्रसारण तबकड्यांवर उतरवून घेतलं गेलं. ते आजही ऐकता येतं.

आधी जाहिरातींचं बघू. पहाटेच्या कार्यक्रमात आर्थर गॉडफ्री रेकॉर्डी लावतो, वेळ सांगतो, गप्पा मारता मारता माल खपवतो. आजच्या एफएमवरचा निवेदक दुसरं काय करतो? संध्याकाळच्या ‘अ‍ॅमॉस अँड अँडी’ या विनोदी मालिकेचा खर्च कॅम्पबेल सूपवाले करत, तर रात्री मेजर बोज यांच्या हौशी कलाकारांच्या कार्यक्रमाचा क्रायस्लर मोटार कंपनी. ही काही नवी सुरुवातही नव्हती. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ केंद्रावर २८ ऑगस्ट १९२२ लाच पैसे घेऊन फ्लॅटची जाहिरात लागली होती.

‘सगळं घर एकत्र’ हे रात्रीपुरतं खरं असेल. पण सकाळी नऊपासून दुपारपर्यंत एकामागून एक पाव-पाव तासाच्या मालिका लागायच्या, त्या घरात एकट्या राबणाऱ्या बाईसाठी. ‘हेलन ट्रेंट’ची नायिका पस्तिशी ओलांडलेली होती, आणि या वयातही प्रेम मिळू शकतं, हाच मालिकेचा विषय. निवेदक आधी मागची गोष्ट थोडक्यात सांगायचा, म्हणजे कालचा भाग चुकला तरी अडत नसे. लिहिणाऱ्यांना माहीत होतं की ऐकणारीचे हात कामात आहेत, लक्ष अर्धंच इकडे आहे. मला यात कमीपणा दिसत नाही. उलट त्या बाईचा दिवस कुणीतरी नीट ओळखला होता.

दुपारी दोनला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं अमेरिकी संसदेपुढचं, म्हणजे काँग्रेसपुढचं, भाषण थेट लागलं. युरोपात युद्ध पेटून तीन आठवडे होत होते आणि शस्त्रविक्रीवरची बंदी उठवा, असं ते सांगत होते. पाठोपाठ फ्रान्सचे पंतप्रधान दलादिए. आणि चार वाजता बेसबॉल, समालोचनाला एकेकाळचा नामांकित गोलंदाज वॉल्टर जॉन्सन! युद्ध, संसार, खेळ आणि रात्री उशिरापर्यंत नाचाचे बँड, सगळं एकाच डब्यातून.

निर्मळपणाचं म्हणाल, तर ‘अ‍ॅमॉस अँड अँडी’तल्या कृष्णवर्णीय पात्रांचे आवाज दोन गोरे नट काढत आणि त्यांच्या बोलण्यावर देशभर हशा पिकवत. ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने १९३१ मध्येच त्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली होती. तो अपमान सोसणाऱ्यांच्या घरीही रेडिओ होताच.

मग जाहिरातींविना रेडिओची आठवण येते कुठून? ती आपली आहे, आणि खरी आहे. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला खासगी कंपनीने सुरू केलं, १९३० मध्ये ती बुडाली आणि रेडिओ सरकारकडे गेला. पुढे आपण वर्षाचा परवाना काढून, जाहिरातींविना ऐकत राहिलो. विविध भारतीवर जाहिराती आल्या १ नोव्हेंबर १९६७ ला, मुंबई-पुणे-नागपूरपासून. आपली ही आठवण अमेरिकन फोटोला चिकटवली की दोन्हीकडचा इतिहास बिघडतो.

आणि तेव्हाही बुधवारी रात्री आपल्याकडची घरं रेडिओ सिलोन लावून अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ ऐकत होतीच. तिच्या नावातलं ‘बिनाका’ म्हणजे टूथपेस्ट होती.