शुगरची एक, बीपीची एक

आज दुपारी माझ्या औषधांच्या दुकानात एक आजी आल्या, सोबत लेक. पिशवीत कात्रीने कापलेल्या स्ट्रिपांचे तुकडे. "बाळा, जेवायला जरा उशीर झाला की दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात."

तुकडे जुळवले. गावातल्या डॉक्टरांची ग्लायकोमेट जीपी २, शहरातल्या डॉक्टरांची अमरिल २. दोन्हींत साखर उतरवणारं ग्लिमेपिराइड, २ मिलिग्रॅम. म्हणजे रोज चार मिलिग्रॅम, कोणीच न ठरवलेले! एवढ्याने साखर फार उतरू शकते, तेव्हा असाच घाम सुटतो, हात थरथरतात. शहरातल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, काय काय चालू आहे? आजींचं उत्तर, "शुगरची एक, बीपीची एक." शेजारी बसलेला लेक मोबाइलमध्ये. अरे, आईला गाडीतून नेतोस, मग घरातला गोळ्यांचा डबा उचलून न्यायला काय होतं?

डॉक्टरही घाईत असतात, मान्य. पण "शुगरची एक" यावरून ते तरी काय ओळखणार?

डबा न्यायचा म्हणजे सगळं न्यायचं. डोळ्यांचे थेंबसुद्धा. काचबिंदूच्या टिमोलॉलने नाडी मंदावते, दमेकऱ्याला धाप लागते, आणि थेंबांना औषध कोणी मोजतच नाही. शेजारणीने दिलेली गुडघ्याची गोळीही दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना त्यात डायक्लोफिनॅक निघालं तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ज्येष्ठमधाचा काढा रोज घेत असाल तर तोही सांगा, त्याने बीपी चढतं.

सोबत वहीचा एक कागद. गोळीचं पूर्ण नाव (जीपी, एच, एएम ही शेपटं सोडू नका, दुसरं औषध तिथेच लपलेलं असतं), किती मिलिग्रॅम, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, कोणी दिली. बंद केलेली गोळीही लिहा, का बंद केली त्यासकट. कुठल्या औषधाने अंगावर पुरळ उठलं होतं तेही. जुना कागद फाडून टाका, नाहीतर पुढच्या वेळी हमखास तोच हाती येतो.

आणि आम्ही दुकानदार! नाव-तारखेची बाजू कापून ठेवून उरलेल्या गोळ्या देतो ते आम्हीच. पाचच गोळ्या विकत घेत असाल तरी नाव असलेला तुकडा हक्काने मागा, नसेल तर पाकिटावर लिहून घ्या.

आजींवर कसलं रागवायचं? ऐंशीच्या घरात 'ग्लिमेपिराइड' म्हणायचं तरी कसं? त्या एवढंच विचारत होत्या, "मग आजची घेऊ की नको?" ते मी ठरवायचं नाही. लेकाला तिथूनच डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. त्याने दोन्ही नावं वाचून दाखवली. डॉक्टर म्हणाले, अमरिल थांबवा, उद्या उपाशीपोटी या, आणि ती पिशवी घेऊन या.