कल्चरमध्ये ‘नो ग्रोथ’ आलं म्हणून गोळ्या बंद करू नका

लालबागच्या आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तो वाचून माझ्या आत्याने गोळ्या थांबवल्या, म्हणून लिहितेय. तिच्या बदललेल्या गुडघ्यात इन्फेक्शन झालंय. मेसेज म्हणतो, कल्चरमध्ये (सॅम्पलमधले जंतू लॅबच्या प्लेटवर वाढवून बघायची तपासणी) ‘नो ग्रोथ’ आलं म्हणजे इन्फेक्शन नाही, हळू वाढणारे जंतू कमजोर असतात, काढ्याने जातात, लघवी नारिंगी झाली की किडनी गेली, आणि लांबलचक कोर्स ही लूट आहे.

लघवीचं आधी, आत्या त्यालाच घाबरली. अहो, तिच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या अँटिबायोटिकचा रंगच तसा आहे! घामात, डोळ्यांच्या पाण्यातही उतरतो, टीबीची औषधं घेतलेल्या कुणालाही विचारा. डोळे पिवळे झाले तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.

हळू म्हणजे कमजोर, हे तर सगळ्यात घातक. अशा इन्फेक्शनमधला नेहमीचा जंतू, स्टॅफिलोकोकस ऑरियस, लॅबच्या प्लेटवर एका दिवसात ठळक दिसतो. त्याचीच खुरटी जात असते, स्मॉल कॉलनी व्हेरिएंट, टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके, तेही दोन-तीन दिवसांनी, म्हणजे प्लेट लवकर टाकून दिली तर रिपोर्ट ‘नो ग्रोथ’च येणार ना? सॅम्पलआधी अँटिबायोटिक चालू असेल तरी तेच. या जंतूंची ऊर्जा बनवायची यंत्रणा बिघडलेली असते म्हणून ते हळू वाढतात, आणि जेंटामायसिन या अँटिबायोटिकला जंतूच्या आत शिरायला तीच यंत्रणा लागते, त्यामुळे ते औषध यांच्यावर नीट चालतच नाही. वर हे आपल्याच पेशींच्या आत दडून बसतात आणि पुढे कधीतरी परत नेहमीसारखे वाढायला लागतात. याला कमजोर म्हणायचं?

काढा प्या हो, कोण नको म्हणतंय, पण धातूला चिकटलेला जंतू त्याने सुटत नाही.

सर्दी-खोकल्याला उगाच अँटिबायोटिक दिली जातात, तेवढं त्या मेसेजमधलं खरं, मान्य. पण सांध्याच्या इन्फेक्शनला तोच नियम कसा लावता? 1998 मध्ये जामा या जर्नलमध्ये स्वित्झर्लंडमधला अभ्यास आला होता, हाडाला बसवलेल्या धातूच्या प्लेटवर किंवा कृत्रिम सांध्यात स्टॅफिलोकोकस असलेल्या पेशंटचा. सर्जरीने साफसफाई करून मग 3 ते 6 महिने औषधं. कोर्स पूर्ण केलेल्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकबरोबर रिफाम्पिसिन घेणारे 12 पैकी 12 बरे झाले, नुसतं सिप्रोफ्लॉक्सासिन घेणारे 12 पैकी 7. अभ्यास छोटा आहे, पण महिनोन्महिने गोळ्या का देतात ते यात दिसतं.

आणि ज्यांनी आधीच थांबवल्यात त्यांनी उरलेली स्ट्रिप मनाने सुरू करू नका, एकटं रिफाम्पिसिन घेतलं तर जंतू फार लवकर त्याला दाद देईनासे होतात. ज्यांनी लिहून दिलंय त्या डॉक्टरांना आजच फोन करा.