मोटरवाल्या पॉकेट होल मशीनने जोड मजबूत होतो म्हणे!

सुतारकाम शिकायला लागलेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी तो मेसेज पाठवतोच. पॉकेट होल म्हणजे फळीत पाडलेलं तिरकं भोक, ज्यातून स्क्रू मारून ती दुसऱ्या फळीला जोडतात, आणि जिग म्हणजे ते भोक ड्रिलने नेमक्या कोनात पाडायचा साचा. मेसेज थोडक्यात असा की हाताने लावायचा पॉकेट होल जिग म्हणजे खेळणं, घ्यायची तर डायरेक्ट मोटरवाली मशीन घ्या, कारण जोड जास्त मजबूत होतो, जाडी आपोआप जुळते, प्लायची कड फाटत नाही, क्लॅम्पची कटकट संपते आणि वेळ दहापट वाचतो. पाच दावे आहेत आणि त्यातला शेवटचा अर्धामुर्धा खरा आहे. मशीन वाईट असते असं माझं म्हणणं अजिबात नाही, पण या कारणांसाठी घेतली तर पस्तावाल.

पहिला दावा मजबुतीचा. आता मला सांगा, भोकाला काय कळणार ते कोणी पाडलं? हातातल्या जिगमध्ये जे पायरीवालं बिट असतं, साधारण साडेनऊ मिमी जाड आणि पुढे बारीक टोक, तसंच बिट बहुतेक मशीनमध्येही असतं आणि कोनही बहुधा तोच, 15 अंश. जाड भागाने खोबण होते, टोकाने स्क्रूची वाट होते आणि मधल्या सपाट पायरीवर स्क्रूचं रुंद डोकं बसतं. पकड सगळी दुसऱ्या फळीत असते, म्हणजे ती कसली आहे, स्क्रू किती लांब आणि आटे कसले यावर जोड टिकतो. प्लाय, एमडीएफ, पाइनसारख्या मऊ मालाला मोठ्या आट्यांचा स्क्रू आणि ओक, मेपलसारख्या कडक लाकडाला बारीक आट्यांचा. 12 मिमी फळीला 25 चा, 19 ला 32 चा, 38 ला 64 चा स्क्रू असा ढोबळ हिशोब. यात मोटर कुठे आली?

एक अपवाद मात्र आहे आणि गंमत म्हणजे मेसेजमध्ये नेमका त्याचाच उल्लेख नाही. मोटरवाल्या मशीन दोन जातीच्या असतात. एका जातीत वरच्यासारखं एकच बिट तिरकं आत जातं, क्रेग कंपनीची फोरमन या जातीतली. दुसऱ्या जातीत, उदाहरणार्थ कॅसल कंपनीच्या मशीन, राउटर (वेगाने फिरणारं खोबणी कापायचं यंत्र) खोबण कापतो आणि स्क्रूची वाट वेगळं ड्रिल फळीच्या टोकाकडून पाडतं, त्यामुळे कोन फक्त 6 अंशांवर आणता येतो. 15 अंशांवर स्क्रू आवळताना त्याच्या ओढीचा साधारण पाव हिस्सा फळीला बाजूला ढकलण्यात जातो, 6 अंशांवर तो दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. दिवसभर कपाटांच्या फेस फ्रेम (तोंडावरच्या पट्ट्यांच्या चौकटी) करणाऱ्याला हा फरक हाताला जाणवतो, कारण दोन पट्ट्या एका पातळीत राहतात आणि नंतर घासत बसावं लागत नाही. पैसे मोटरसाठी मोजताय की या कोनासाठी, हे आधी ठरवा.

दुसरा दावा, जाडी आपोआप जुळते. काही मशीनमध्ये क्लॅम्प आपोआप जुळतो, खरंय. पण क्लॅम्प फळी दाबतो, बिट किती खोल जाणार ते तो ठरवत नाही, ती खोली तुम्हालाच स्टॉप कॉलरने (बिटावर बसवायच्या कड्याने) लावायची असते आणि फेन्स (फळी टेकवायची पट्टी) पुढेमागे करून भोक जाडीच्या मध्यात आणायचं असतं. 16 मिमी प्लायसाठी 19 ची सेटिंग तशीच ठेवून 32 चा स्क्रू मारला तर टोक पलीकडून डोकावायची भीती. शिवाय 18 म्हणून घेतलेलं प्लाय कॅलिपर लावला की बऱ्याचदा थोडं कमीच भरतं. म्हणून जिग असो की मशीन, त्याच मालाच्या टाकाऊ तुकड्यावर आधी एक जोड करून बघायचा.

कड फाटण्याचं कारण बहुतेक वेळा बोथट बिट किंवा आपली घाई. बिट पूर्ण वेगात फिरू द्या, मग लाकडाला टेकवा आणि सावकाश आत न्या. मशीनचा लिव्हर खेचायला इतका सोपा असतो की उलट तिथेच जास्त घाई होते आणि मेलामाईनच्या बोर्डाची कड उचकटते. भुसा ओढायची सोय असेल तर वापरा, भुशाने कोंबलेलं बिट तापतं आणि लवकर धार सोडतं.

आता क्लॅम्पचा दावा, आणि हा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण नवीन माणूस यात हमखास फसतो. मशीनचा क्लॅम्प फळी धरतो ती फक्त भोक पाडेपर्यंत, जेमतेम काही सेकंद. खरी गरज त्यानंतर असते, दोन फळ्या जोडून स्क्रू आवळताना, आणि तेव्हा मशीन बाजूला गप्प उभी असते. जोडावर आडवा फेस क्लॅम्प (दोन्ही फळ्या एका पातळीत दाबून धरणारा) नसेल तर स्क्रू शेवटच्या दोन फेऱ्यांत फळी सरकवतोच, एखादा मिमी इकडे नाहीतर तिकडे, आणि बोटाने चाचपलं की पायरी लागते. तेव्हा मशीन घेतली तरी क्लॅम्पचं बजेट तसंच ठेवा.

राहिला वेळ. सारख्या मापाच्या शंभर पट्ट्यांना भोकं पाडायची असतील तर मशीन झकास, स्टॉप (प्रत्येक पट्टी त्याच जागी अडवणारा अडसर) लावा आणि लिव्हर खेचत बसा, मनगटही दुखत नाही. पण एखाददुसरं टेबल करणाऱ्याचा वेळ मापात, कापण्यात, ग्लू आणि घासण्यात जातो, भोकं पाडणं हा त्यातला छोटासा भाग, तो दहापट जलद झाला तरी काम दहापट जलद होत नाही. आणि मोठ्या मालाचं काय? 8 बाय 4 फुटांचं 18 मिमी प्लाय तीस किलोच्या घरात जातं, त्यातून कापलेली कपाटाची उंच बाजू टेबलावरच्या मशीनवर टोकाने तोलून धरायची म्हणजे दोन माणसं लागतात. तिथे फळीलाच चिकटवून लावायचा साधा जिग पटकन काम करतो. म्हणून मशीनवाले बरेच जण जिगही ठेवतात.

तरी घ्यायचीच असेल तर दुकानात मोटरचे अँपिअर विचारत बसू नका. बिट बदलायला किती खटपट आहे ते स्वतः बदलून बघा, बिट बाहेर सहज मिळणारं आहे की त्याच कंपनीचं लागतं ते विचारा, फेन्सला दोन्ही बाजूंना स्टॉप आहेत का बघा, कारण 40 मिमीच्या अरुंद पट्टीत दोन भोकं हवी असतात आणि एकाच बिटाच्या मशीनवर पट्टी सरकवूनच दुसरं पाडावं लागतं. आणि परदेशातून मागवत असाल तर प्लेटवरचा व्होल्टेज वाचा, 120 ची मशीन 230 च्या लाईनला थेट लावली तर जळेल.