धुकं, साप आणि 'काकू'

'सडेतोड' या टोपणनावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले आणि अर्धं लिहून पुसून टाकलं, कारण त्यात मीच तुमच्यासारखी लिहायला लागले होते. आज शांत आहे. निदान सुरुवातीला तरी.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. शेरलॉक होम्सच्या कथा इतक्या वर्षांनी अजून का वाचाव्याशा वाटतात, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर सडेतोड यांचं म्हणणं असं: 'द स्पेकल्ड बँड'मधला साप दूध पितो आणि शिट्टी ऐकून दोरावरून परत येतो, हे शाळकरी पोरालाही पटणार नाही. होम्स अर्धे पुरावे स्वतःच्या खिशात ठेवतो, त्यामुळे वाचकाला डाव खेळताच येत नाही. हिंदुस्थान या कथांत येतो तो विष, शाप आणि फुंकनळी घेतलेला अंदमानी माणूस एवढ्यापुरताच. सगळ्या साठ कथांना मी 'व्हिक्टोरियन' म्हटलं, तेही चूक. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: "काकू, खरं सांगू का, हे सगळं धुकं, घोडागाडी आणि तुमचं लहानपण आहे, तेवढं काढून घेतलं तर हातात काही उरत नाही."

आधी चूक कबूल करते. राणी व्हिक्टोरिया २२ जानेवारी १९०१ रोजी वारली. तोवर साठपैकी सव्वीसच कथा छापून आल्या होत्या: दोन कादंबऱ्या आणि चोवीस लघुकथा. बास्करव्हिलच्या कुत्र्याची ती प्रसिद्ध कादंबरीसुद्धा राणी गेल्यानंतरची. पुढच्या बऱ्याच कथांचा काळ जुनाच आहे, पण छापल्या गेल्या नंतर, हे खरं. लेखात दुरुस्ती केली आहे आणि खाली तुमचं नाव, म्हणजे तुम्ही घेतलेलं नाव, दिलं आहे. माझ्या बाजूने हिशोब चुकता.

आता 'काकू'. माझ्या सोसायटीतली पोरं मला काकू म्हणतात, भाजीवाला म्हणतो, गॅसचा सिलिंडर आणणारा मुलगा म्हणतो. त्यात काही वावगं नाही. ती माणसं मला ओळखतात आणि जिना चढताना माझ्या हातातली पिशवी घेतात. स्वतःचं नाव लपवून वाद घालायला आलेल्या माणसाने पहिल्याच ओळीत काकू म्हणणं म्हणजे समोरच्याला आधी स्वयंपाकघरात पाठवून मग दिवाणखान्यात चर्चा सुरू करणं. हाच लेख एखाद्या निवृत्त गृहस्थांनी लिहिला असता, तर तुम्ही त्यांना 'सर' म्हटलं असतंत. म्हटलं असतंत की नाही?

असो. तुमच्या त्या वाक्याकडे येते, कारण तेवढंच मनाला लागलं.

माझं लहानपण सोलापुरातलं. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे. आमच्याकडे धुकं म्हणजे हलवायाच्या भट्टीचा धूर. आणि होम्स मी लहानपणी वाचलेलाच नाही! आमच्या घरात पोरींनी गोष्टींची पुस्तकं वाचणं म्हणजे काम चुकवणं. पहिलं पुस्तक हातात आलं ते १९८१ साली, मी बावीस वर्षांची, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली, वाचनालयातली मुखपृष्ठ फाटलेली मराठी भाषांतराची प्रत. तेव्हा लहानपणाची हुरहूर कसली? माझ्या लेखात लहानपणाचा शब्द नाही, तो तुम्ही तुमच्या पदरचा घातलात. अंदाज बांधायचा आणि पुरावा म्हणून मिरवायचा, याला होम्सकडे फार वाईट शब्द आहेत.

आणि धुकं तरी किती आहे हो? सिनेमावाल्यांनी ओतलं तेवढं मूळ कथांत नाही. पाणबुडीचे आराखडे चोरीला जातात त्या गोष्टीत दाट पिवळं धुकं आहे, बास्करव्हिलच्या माळावर आहे. पण नाताळच्या हंसाच्या पोटातून निळा माणिक निघतो, त्या रात्री लंडनचं आकाश स्वच्छ आहे, चांदण्या दिसताहेत, थंडीने लोकांच्या तोंडातून वाफा निघताहेत. त्या गोष्टीत मला आठवतो तो एक फेल्ट हॅट. त्यावर चरबीच्या मेणबत्तीचे पाच डाग आहेत. एखाददुसरा डाग चुकून पडेल. पाच पडले म्हणजे हा माणूस एका हातात हॅट आणि दुसऱ्या हातात मेणबत्ती घेऊन रोज जिना चढत असणार. म्हणजे घरात गॅसची जोडणी नाही. इथे घोडागाडी कुठे आली? ज्याच्या घरी पाहुणे येताना वीज गेली आहे आणि मेणबत्तीचं मेण फरशीवरून खरवडून काढावं लागलं आहे, त्याला हे कुठल्याही शतकात कळेल.

दुसरं म्हणजे, १८९१ साली 'स्ट्रँड' मासिकात या कथा वाचणाऱ्यांना तो जुना जमाना वाटत नव्हता. त्यांच्या लेखी तो आज होता. त्याच वर्षीची 'अ केस ऑफ आयडेंटिटी' घ्या. मेरी सदरलँड ही टाइपिंग करून पोट भरणारी मुलगी: पानाला दोन पेन्स, दिवसाला पंधरा-वीस पानं. तिला लग्नाचं वचन देऊन ऐन लग्नाच्या दिवशी गायब झालेल्या माणसाची पत्रं टाइप केलेली, सहीसुद्धा टाइप केलेली. होम्स त्या पत्रांतला पुसट उमटणारा 'ई' आणि शेपटी तुटलेला 'आर' पाहतो आणि सांगतो की वापरलेल्या यंत्राला माणसाच्या अक्षरासारखंच स्वतःचं वळण असतं. टाइपरायटर तेव्हा कचेऱ्यांत नुकते रुळत होते. म्हणजे आज कोणी मोबाइलच्या लोकेशनवरून चोर पकडावा, तसं ते.

मी हे वाचलं तेव्हा एका निमसरकारी कचेरीत मराठी टाइपिस्ट होते. आमच्या यंत्रावर 'ण', 'भ', 'श' पूर्ण अक्षरं म्हणून नसत; अर्धं अक्षर मारायचं आणि पुढे काना. त्यामुळे काना इतका बडवला जायचा की सगळ्यात आधी तोच झिजायचा. कोपऱ्यातल्या जुन्या यंत्राचा काना केसभर खाली बसायचा, म्हणजे प्रत्येक 'श' लंगडा. १९८३ साली आमच्या हेडक्लार्कविरुद्ध टाइप केलेला निनावी अर्ज आला, म्हणे 'एका त्रस्त नागरिकाचा'. फाइलला लावायला तो माझ्याकडे दिला. त्या नागरिकाचा प्रत्येक 'श' लंगडा होता.

मी त्याच यंत्रावरचं एक जुनं परिपत्रक काढलं आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून साहेबांच्या खिडकीच्या काचेवर धरले. साहेब बराच वेळ पाहत राहिले. मग अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही तुमचं टाइपिंग करा." कारवाई झाली नाही, हेडक्लार्कची चौकशीही झाली नाही. कोपऱ्यातल्या यंत्रावर कोण बसायचं हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं.

तर हे असं हातात उरलं, सडेतोड. धुकं आणि घोडागाडी काढून घेतल्यावर. तेव्हापासून चाळीसेक वर्षं कुठलाही कागद हातात आला की मी आधी काना पाहते. तुम्ही कशावर काम करता मला माहीत नाही, पण त्यातलं असं काही तुम्हांला कुठल्या गोष्टीने दाखवलं असेल तर जरूर सांगा. उपरोध नाही. बरं, थोडा आहे.

(त्या कथेत होम्स मेरीला खरं काय ते सांगतच नाही, ते मला अजून खटकतं. फसवणारा तिचा सावत्र बाप, त्याला शिक्षा नाही, आणि ती बिचारी वाट पाहतच राहणार. टीका करायचीच होती तर ही करायची होती!)

बाकीचे मुद्दे. साप दूध पीत नाही, हे नागपंचमीला नागोबापुढे दुधाची वाटी ठेवणाऱ्या मुलखात तुम्ही मला शिकवताय? ठाऊक आहे. खुद्द होम्सचे लेखक डॉयल यांनी १९२७ साली आपल्या आवडत्या बारा कथांत ही सापाचीच गोष्ट पहिली ठेवली, त्यांच्याशी भांडा. वाचकाला सगळे धागे आधीच दाखवायला हवेत, हे नियम १९२८-२९ च्या सुमारास मांडले गेले. विटीदांडूच्या खेळाडूला पायचीत देण्यासारखं आहे ते.

राहिला हिंदुस्थान. तो मुद्दा मोठा आहे आणि प्रतिक्रियेच्या उत्तरात त्याचं वाटोळं करावं असं मला वाटत नाही. एवढंच सांगते की विल्की कॉलिन्सच्या १८६८ च्या 'मूनस्टोन' या रहस्यकादंबरीत श्रीरंगपट्टणच्या लुटीत हिरा पळवणारा इंग्रज आहे, त्यामागे साता समुद्रांपार जाणारे तिघे ब्राह्मण आहेत, आणि हिरा शेवटी सोमनाथच्या चंद्रदेवाकडे परत येतो. अंदमानी टोंगाबद्दल तुम्ही जे लिहिलंत, त्यावर पुन्हा कधीतरी.

पुढचा लेख 'मूनस्टोन'वरच आहे. त्यात अफू आहे, माणूस गिळणारी वाळू आहे, तेव्हा तुम्हांला लिहायला भरपूर मिळेल. प्रतिक्रिया मी दुपारी तीननंतर पाहते. त्याआधी स्वयंपाकघरात असते.